टॉर्गसनसाहेबांची खुर्ची

"अंग सोड गं पोरी, अंग सोड. पाणी धरतं."

हा आवाज ब्रिटाच्या कानात बसला होता तो ती दुसरीत असल्यापासून. जून महिना, पण तळ्याचं पाणी असं गार की बर्फ कालच वितळला असावा. लाकडी धक्क्यावर टॉवेल गुंडाळून कुडकुडणारी गावची पोरं, आणि कमरेएवढ्या पाण्यात उभ्या असलेल्या आर्लिसबाई. त्यांचा एक तळवा ब्रिटाच्या पाठीखाली असायचा. वर नुसतं आभाळ. बाई गुणगुणायच्या,

पाणी म्हणे, ये गं बाई, पाठ माझ्यावर टेक,
आभाळाला डोळे लाव, भीती लाटेवर फेक.

ओळीच्या नादात पोर सैल होऊन पडलं की बाई हसायच्या. "हात केव्हाच काढलाय मी. तू आपली आपण तरंगतेयस!"

पुढे बाईंचे यजमान, वेंडेल टॉर्गसन, खासदार झाले. वॉशिंग्टनला जाऊ-येऊ लागले. एकदा झाले, दोनदा झाले, मग लोक मोजायचेच थांबले. मिनेसोटातल्या त्या उपनगरांत खासदार म्हणजे टॉर्गसनसाहेब, जसा हिवाळा म्हणजे बर्फ. आणि आता त्यांच्याविरुद्ध उभी राहिली होती ब्रिटा हालवर्सन, पोरांना गाडी शिकवणारी बाई.

उभं राहण्याचं कारण गाडीतच सापडलं होतं. सोळा वर्षांचं पोर स्टिअरिंग धरतं, नजर रस्त्यावर ठेवतं, आणि जे घरात बोलत नाही ते शेजारच्या सीटवरच्या बाईला सांगून टाकतं. आईचं इन्शुलिन परवडत नाही. आजोबांची पेन्शन अडकलीय. ब्रिटाने खासदारांच्या कचेरीत फोन लावले. कुणी उचलेना. स्वतः गेली, तर काचेआड टेबल, टेबलाआड खुर्ची, आणि खुर्चीत कुणी नाही. त्या वर्षी साहेबांनी गावात एकही सभा घेतली नव्हती. वॉशिंग्टनलाही कितीतरी मतदानांना ते गैरहजर होते, आणि कारण कुणालाच कळत नव्हतं. त्यात मतदारसंघाच्या सीमा बदलल्या, मक्याच्या शेतांवर नवी घरं उठली, आणि साहेबांना 'आपले साहेब' म्हणणारे निम्मेच उरले. जाणकार म्हणू लागले, या खेपेला हा बुरूज ढासळणार.

ब्रिटाने काय केलं, स्वयंपाकघरातली लाल रंगाची खुर्ची उचलली, गाडीत घातली, आणि जिथे जाईल तिथे स्वतःच्या शेजारी मांडली. खुर्चीवर पाटी: 'टॉर्गसनसाहेब'. बोलता बोलता मधेच वळून ती खुर्चीला विचारायची, "बरोबर ना, साहेब?" आणि कान लावून थांबायची. सभा हसून लोटपोट व्हायची. टीव्हीवाले ब्रिटाचे फोटो काढायचे, पण आधी खुर्चीचे.

या सगळ्याची सूत्रं होती टेस क्विन्बीच्या हातात. दक्षिणेकडून आलेली, तिशीतली, जिभेला धार असलेली बाई. निवडणुका लढवून देणं हाच तिचा धंदा. पहिल्याच दिवशी तिने एक पराक्रम केला होता. चर्चच्या तळघरात कॉफी चालली होती, लिंबाच्या वड्यांचा ट्रे फिरत होता. ट्रेमध्ये शेवटची वडी राहिली. आता त्या गावची रीत अशी, की शेवटची वडी कुणी घेत नाही. एक जण तिची अर्धी कापतो, दुसरा त्या अर्ध्याची अर्धी करतो, आणि शेवटी सुरीच्या टोकावर मावेल एवढा तुकडा उरतो, तोही तसाच घरी जातो. टेसने सरळ हात घातला आणि अख्खी वडी तोंडात टाकली. तळघर चिडीचूप झालं.

"काय झालं?" टेस भरल्या तोंडाने म्हणाली. "मेलं का कोणी?"

"नाही नाही," सगळे म्हणाले. "छान केलंस." घरी जाताना मात्र सगळ्यांच्या गाड्यांत तोच विषय.

सप्टेंबरात मेपलची पानं कडेकडेने तांबडी व्हायला लागली तेव्हा दारोदार फिरणं जोरात आलं. टेसच्या फोनवर नावं-पत्ते असायचे. ज्यांचं मन अजून डळमळतंय तेवढीच दारं. मंगळवारी दुपारी ब्रिटाच्या वाट्याला तळ्यापलीकडची नवी, एकाला एक चिकटलेली घरं आली. एका दारापुढे फोनने नाव दाखवलं: 'आ. फेल्ड. कुठल्याही पक्षाच्या नाहीत.' ब्रिटाने केस सारखे केले आणि दार वाजवलं.

दार उघडलं. पांढरे केस नीट विंचरलेले, स्वेटरची बटणं एक घर चुकवून लावलेली.

"ये गं, ये. बूट काढ नाहीतर राहू दे."

ब्रिटाच्या हातातली पत्रकं खाली आली. "आर्लिसबाई?"

"हो. तू कुणाची गं?"

"हालवर्सनांची. धाकटी. ब्रिटा."

"टॉवेल आणलायस का? बाकीची पोरं अजून आली नाहीत बघ." बाईंनी बाहेर डोकावून पाहिलं. "आज गार आहे. थोडा वेळच उतरू पाण्यात."

ब्रिटाने आत पाऊल टाकलं. आतल्या भिंतीवर, कपाटांवर, मोठ्या अक्षरांतल्या चिठ्ठ्या होत्या. 'शेगडी: वेंडेलला विचार.' 'बाहेर: वेंडेलबरोबर.' एका फोटोखाली, 'ही कारीन. आपली मुलगी.'

बाईंनी तिच्या हातातलं एक पत्रक ओढून घेतलं. त्यावर ब्रिटाचाच हसरा चेहरा. बाईंनी तो निरखला. "ही बाई बरी दिसते. हिलाच देईन मी मत. आमच्याकडचं कुणी उभं नाही ना?"

"आहे की," मागून आवाज आला. "मी आहे, आर्लिस."

टॉर्गसनसाहेब. कमरेला एप्रन, हात कोपरापर्यंत साबणात.

"तू?" बाई हसल्या. "तुला कोण मत देतंय! तू घरी तरी असतोस का कधी?"

साहेबांनी ते हसून घेतलं. रोजचं असावं. मग ब्रिटाकडे पाहिलं. "तुझ्या फोनने आज दार चांगलंच शोधून काढलं."

"साहेब, मला खरंच ठाऊक नव्हतं. तळ्याकाठचं घर... आणि नाव फेल्ड..."

"ते घर विकलं. पाणी दारातच होतं ना, भीती वाटायची. आणि फेल्ड हे तिचं माहेरचं नाव. मतदार म्हणून तिने तेच ठेवलं. म्हणायची, नवरा खासदार असेल, पण माझं मत त्याच्या खिशात नाही."

"पण आज तर वॉशिंग्टनला मतदान..." ब्रिटाच्या तोंडून निघून गेलं.

"आहे," साहेब म्हणाले.

भांड्यांच्या कट्ट्यावर नळ ठिबकत होता. साहेबांनी 'कुणाला सांगू नकोस' म्हटलं नाही. ब्रिटानेही 'सांगणार नाही' म्हटलं नाही. त्या गावात माणसं असलं मागत नाहीत आणि देतही नाहीत. त्यांनी कॉफी ओतली, तिने घेतली. बाई खिडकीशी उभ्या राहून गुणगुणू लागल्या. "पाणी म्हणे, ये गं बाई, पाठ माझ्यावर टेक... आभाळाला डोळे लाव, भीती... भीती..."

"लाटेवर फेक," ब्रिटा म्हणाली.

"हां!" बाईंचा चेहरा उजळला. "तुला कसं गं ठाऊक?"

निघताना दारात नेहमीसारखा अर्धा दिवस गेला. निरोप घ्यायचा, मग हवेबद्दल बोलायचं, मग पुन्हा निरोप घ्यायचा.

"बर्फ यंदा लवकर पडणार."

"तसं दिसतंय खरं."

"गाडी सांभाळून."

"हो तर."

गाडीत बसून ब्रिटाने किल्ली फिरवली, सवयीने आरशात पाहिलं. पोरांना ती हजारदा सांगायची, निघायच्या आधी आरशात बघ. आरशात मागच्या सीटवरची लाल खुर्ची दिसत होती, पाटीसकट.

घरी आल्यावर तिने खुर्ची स्वयंपाकघरात जागेवर ठेवली. पाटी काढली. तिचा नवरा एमेट गाजरं चिरत होता.

"खुर्ची परत आली?"

"पाय डुगडुगतोय तिचा."

एमेटने सुरी ठेवली, खुर्ची हलवून पाहिली. खुर्ची दगडासारखी घट्ट होती. त्याने बायकोकडे पाहिलं आणि पुन्हा गाजरं चिरायला घेतली.

टेस एवढ्यावर गप्प बसणारी नव्हती. दुसऱ्या दिवशी सभेला पोचली तर मंचावर ब्रिटा एकटीच.

"खुर्ची कुठेय?"

"मोडली."

"मग दुसरी आण! बाजारात खुर्च्यांचा दुष्काळ पडलाय?"

"नको आता खुर्ची."

"ब्रिटा, बयो, ती खुर्ची तुझ्यापेक्षा लोकप्रिय आहे! आणि पुढच्या आठवड्यात आपली टीव्हीची जाहिरात. रिकामी खुर्ची, मागे घंटा, एकेक हुकलेलं मतदान. बघणाऱ्याच्या अंगावर काटा येतो."

"ती दाखवायची नाही."

"कारण?"

"कारण काही नाही."

टेसने दोन्ही हातांनी डोकं धरलं. "तुम्ही माणसं ना! वडी अर्धी करत करत उपाशी मराल, पण तोंडातून शब्द काढणार नाही. हे बघ, फरक केसाएवढा आहे. ही जाहिरात नसेल तर तू हरशील. मग त्या इन्शुलिनवाल्या पोराला काय सांगणारेस?"

तो बाण बरोबर लागला. त्या रात्री ब्रिटाला झोप आली नाही, आणि पुढच्याही कितीतरी रात्री. खुर्ची रिकामी होती हे खोटं थोडंच होतं? फोन कुणी उचलत नव्हतं हे खोटं होतं का? ज्याला काम झेपत नाही त्याने उठावं, हे म्हणणं गैर कसं? सगळं पटायचं. मग तो बटणं चुकलेला स्वेटर आठवायचा, आणि पटलेलं सगळं पुन्हा डळमळायचं. हरले तर माझ्या या मौनामुळे हरेन, आणि ज्यांनी माझ्यावर भरवसा टाकला ती माणसं माझ्याबरोबर हरतील. हा दगड छातीवर घेऊन ती दारोदार फिरत राहिली. टीव्हीवर दुसरीच जाहिरात लागली: ब्रिटा गाडीत, शेजारी घाबरलेलं पोर. लोक म्हणाले, गोड आहे. गोड म्हणजे ढिली, हे टेसने तिला समजावून सांगितलं.

ऑक्टोबरातल्या एका रविवारी दुपारी ग्रंथालयाच्या सभागृहात दोघांचा आमनासामना ठरला होता. साहेब येणार नाहीत अशी सगळ्यांची खात्री होती, पण साहेब आले. कोट सैल झाला होता, मान बारीक झाली होती. प्रश्न विचारायला निवृत्त ग्रंथपाल बाई होत्या. त्यांनी चष्म्यावरून पाहिलं.

"ब्रिटा, वर्षभर तुम्ही त्या खुर्चीला विचारत होतात, साहेब कुठे आहेत म्हणून. आज साहेब समोर आहेत. विचारून घ्या."

सभागृहात हशा पिकला. मागच्या भिंतीशी टेस दोन्ही मुठी आवळून उभी होती. ब्रिटाने साहेबांकडे पाहिलं. त्यांनी समोरच्या लाकडी टेबलाची कड धरली होती, बोटांची पेरं पांढरी पडली होती; पोहायला पहिल्यांदा आलेलं पोर धक्क्याची कड धरतं तशी.

"साहेब आले, बरं झालं," ब्रिटा म्हणाली. "ते कुठे होते हे मला विचारायचं नाही. मला विचारायचंय ते फोनबद्दल. तुमच्या कचेरीतला फोन वर्षभर कुणी उचलला नाही, साहेब. लोक औषधासाठी फोन करत होते. तुम्हाला जमत नव्हतं तर दुसऱ्या कुणाला तरी तो उचलायला बसवायला हवं होतं."

टेबलाची कड साहेबांच्या हातातून सुटली.

"हो," ते म्हणाले. "बसवायला हवं होतं. ती चूक माझी."

उमेदवाराच्या तोंडून असलं वाक्य त्या सभागृहाने कधी ऐकलं नव्हतं. कुणीतरी टाळी वाजवली, मग सगळ्यांनीच. टाळ्या साहेबांना होत्या.

"संपलं," बाहेर येताच टेस म्हणाली. "आयतं ताट त्याच्यापुढे सरकवलंस. वर लोणचंही वाढलंस."

निवडणुकीच्या दिवशी खरंच बर्फ पडला. मतमोजणी सुरू झाली आणि काटा कुणाकडेच झुकेना. रात्री साहेब पुढे, सकाळी ब्रिटा पुढे, दुपारी पुन्हा साहेब. टपालाने आलेली मतं मोजायची राहिली होती. बुधवार गेला, गुरुवार गेला. ब्रिटा फावड्याने अंगणातला बर्फ ओढत राहिली. अंगण संपलं तर शेजाऱ्यांचा ओढला.

"बाई, माझ्या छपरावरचाही काढतेस का?" शेजारी ओरडला. "हरलीस तर हा धंदा बरा चालेल तुझा!"

शुक्रवारी सकाळी ती एका पायात बूट घालून जिन्यावर बसली होती, तोच टेस आत धावत आली. तिला बोलता येत नव्हतं. टेस क्विन्बीला बोलता येत नव्हतं! तिने नुसती मान हलवली, वर-खाली, वर-खाली.

ब्रिटा नाचली नाही, ओरडली नाही. दुसरा बूट हातात घेऊन तशीच बसली, आणि तिच्या पाठीतून काहीतरी उतरत गेलं, मणक्यामणक्यातून, पार खालपर्यंत. श्वास आत गेला आणि विनाअडथळा बाहेर आला. असा श्वास सप्टेंबरनंतर आलाच नव्हता. कुणाचं दुखणं न विकता ती जिंकली होती, आणि ती इन्शुलिनवाली पोरं हरली नव्हती. एमेट शेजारी येऊन बसला. तिने त्याच्या खांद्यावर डोकं टेकलं आणि बसल्या बसल्या तिचा डोळा लागला.

टेसला मात्र चैन नव्हतं. हरलेल्याने जिंकलेल्याला फोन करायचा, ही तिकडची रीत. त्या फोनवाचून विजयाला विजय म्हणत नाहीत.

"दुपार झाली! अजून फोन नाही म्हाताऱ्याचा. मानत नाही की काय?"

तेवढ्यात दाराशी जुनी निळी गाडी येऊन थांबली. थांबली म्हणजे काय, अर्धी रस्त्यावर, अर्धी बर्फाच्या ढिगात. ब्रिटाने खिडकीतून पाहिलं आणि तिच्यातली गाडी शिकवणारी कळवळली. गाडीतून टॉर्गसनसाहेब उतरले, दुसऱ्या बाजूने हात धरून आर्लिसबाईंना उतरवलं, आणि मागच्या सीटवरून फॉइल लावलेला ट्रे काढला.

"रिकाम्या हाताने कसं यायचं," ते दारात म्हणाले. "लिंबाच्या वड्या. माझ्या हातच्या, तेव्हा बेताने खा."

टेस भिंतीला चिकटून उभी राहिली. साहेबांनी बूट काढले, आर्लिसबाईंचे काढले, त्यांना खिडकीशी बसवलं, आणि स्वतः हाताशी आली त्या खुर्चीत टेकले. लाल खुर्चीत.

स्वयंपाकघरात कुणी हलेना. एमेटच्या हातातली किटली हवेतच राहिली. साहेबांनी एकेकाचा चेहरा पाहिला, मग खाली पाहिलं. खुर्चीच्या कडेवरून हात फिरवला.

"हीच का गं ती?"

"हीच, साहेब," ब्रिटा म्हणाली. कान तापले होते तिचे.

"चांगली आहे की बसायला. टीव्हीवर डुगडुगती वाटायची."

पहिल्यांदा एमेट हसला. मग साहेब, मग ब्रिटा, आणि सगळे हसतायत म्हणून आर्लिसबाईही. हसता हसता ब्रिटाच्या डोळ्यांत पाणी आलं ते तिने पुसलं नाही. टेसची नजर बाईंच्या हाताकडे गेली. साहेबांनी त्या हातात कप दिला, कपावरची बोटं एकेक करून मिटवली, आणि सवयीने खाली आपला तळवा धरून ठेवला. टेस पाहत राहिली. मग हळूच ब्रिटाशेजारी येऊन उभी राहिली आणि पुटपुटली, "वडी अर्धी करणारी माणसं." पण या वेळी तिच्या आवाजाला धार नव्हती.

कॉफी झाली. वड्या जराशा करपल्या होत्या, तरी संपल्या. ट्रेमध्ये एकच उरली. टेसने हात मागे घेतला. "मी शिकले हं आता," ती म्हणाली. एमेटने सुरी साहेबांपुढे सरकवली. अर्धी करायचा मान पाहुण्याचा.

साहेबांनी सुरी बाजूला ठेवली. अख्खी वडी उचलली आणि खाल्ली. सावकाश, शेवटच्या कणापर्यंत.

"वेंडेल!" आर्लिसबाई दचकून म्हणाल्या. "शेवटची?"

"हो गं. शेवटची." त्यांनी ओठांवरची साखर पुसली. "ब्रिटा, फोन करायचा असतो हे मला ठाऊक आहे. पण हे फोनवर बोलण्याजोगं नव्हतं. पक्षाची माणसं म्हणाली, तुम्ही नसाल तर जागा जाईल, आणि मी पुन्हा उभा राहिलो. ते निमित्त होतं. खासदार होतो तोवर मला स्वतःला सांगता यायचं, हे थोड्या दिवसांचं आहे, ती बरी होईल, मी परत कामाला लागेन. आपण होऊन उठलो असतो तर ती बरी होणार नाही हे खरं झालं असतं. तेवढी हिंमत नव्हती माझ्यात. त्या दिवशी तू दारातून गेलीस आणि मी रोज वाट पाहत राहिलो, आज सांगेल, उद्या सांगेल. तू सांगितलं नाहीस."

ते थांबले. खिडकीशी आर्लिसबाई बर्फाकडे बघत गुणगुणत होत्या, शब्द नसलेलं, नुसता सूर. साहेब त्या लाल खुर्चीत मागे रेलले. सगळं अंग सैल सोडून.

"आर्लिसने तुला शब्द दिला होता, आठवतं? टपालाने मतपत्रिका आल्या तेव्हा तिचं मत मी तिच्या हाताने भरून घेतलं. मग माझं समोर घेतलं आणि पेन उचललं." त्यांनी वर पाहिलं. "आमच्या घरातली दोन्ही मतं तुझी आहेत, ब्रिटा."